मालवणात गॅलरी उघडताय? जागा जुलैत बघा

मालवणसारख्या गावात गॅलरी काढायची म्हटली की माणसं नावापासून सुरुवात करतात. मग बोर्ड, मग उद्घाटनाला कोण. मीही तसंच केलं होतं. आता कोणी विचारलं तर सांगते, आधी जागा बघा, आणि ती जुलैत बघा. ऑक्टोबरात सगळीच चिरेबंदी घरं देखणी दिसतात. भर पावसात भिंतीला तळहात लावला की खरं कळतं. जमिनीपासून हातभर उंचीवर लोणा, म्हणजे ओलीने वर येणारं पांढरं मीठ, फुटलेला दिसला, तर त्या भिंतीवर रंग कितीही चांगला लावा, वर्षभरात पोपडे पडणार. कौलं असतील तर नळे कुठे सरकलेत, वाशांना वाळवी आहे का, पागोळ्यांचं पाणी पडवीत उडतं का, हे घरमालकासमोरच बघून घ्या.

पहिली खरेदी आर्द्रता मोजायच्या यंत्राची. काही शे रुपयांत मिळतं. पन्नास टक्क्यांच्या आसपास आकडा असला की चित्रं सुखात असतात, पासष्टच्या वर टिकून राहिला की बुरशीला आमंत्रण. आपल्याकडे पावसात तो पंच्याऐंशीच्या खाली यायला तयार नसतो. हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, डीह्युमिडिफायर, घ्या, पण त्याची टाकी भरली की तो बंद पडतो, म्हणून पाण्याची नळी थेट बाहेर सोडा. वीज गेली की त्याचाही उपयोग नाही. त्यामुळे मी मिरगाआधीच कागदावरची सगळी चित्रं उतरवते आणि लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवते. जेलचा रंग बदलला की दाणे जुन्या तव्यावर मंद आचेवर परतायचे, पुन्हा कामाला लागतात. तो तवा मात्र नंतर स्वयंपाकघरात नेऊ नका.

फ्रेमवाल्याकडे स्वतः जा आणि उभं राहून करून घ्या. काच कागदाला टेकता कामा नये. मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, किंवा पट्टी हवीच. माझ्या पहिल्या पावसात एक जलरंग काचेला चिकटला आणि सोडवताना आकाशाचा तुकडा काचेवरच राहिला. पैसे चित्रकाराला मी भरून दिले, पण चित्र गेलं ते गेलंच. माउंट आम्लरहित, मागे सेलोटेप नाही, खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, म्हणजे भिंत आणि फ्रेममधून वारा खेळतो. स्क्रू, हुक, तार स्टेनलेस किंवा पितळेची. साधं लोखंड खाऱ्या वाऱ्यात दोन मोसमांत हातात येतं.

दिव्यांचं सोपं आहे. उजेड लक्समध्ये मोजतात. कागदावरच्या कामाला ५० लक्स पुरे, तैलचित्राला २०० पर्यंत चालतं. फोनवरच्या अ‍ॅपने अंदाज येतो. समुद्राकडची खिडकी सुंदर असली तरी तिच्या समोर जलरंग टांगायचा नाही.

भिंतीवर काय लावायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण इथे बसून नुसते किल्ला आणि सूर्यास्तच विकायचे, हे मला पटत नाही. कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर कलाकारांची चित्रकथी आहे, म्हणजे चित्रं दाखवत सांगायची कथा, आणि सावंतवाडीत गंजिफा आहे, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. दशावतारी गंजिफेचा अख्खा संच म्हणजे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा. अशा कामाखाली नुसतं ‘लोककला’ लिहून मोकळं होऊ नका, ज्याने काढलं त्याचं नाव लिहा. आणि जलरंग म्हणजे स्वस्तातलं काम, असं कोणी म्हणालं तर सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचं नाव घ्या. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं चित्र जलरंगातलंच आहे.

लेबलं लावून झाली की लोकांसाठी दार उघडण्याआधी एखाद्या दर्यावर्दी माणसाला आत फिरवून आणा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा माणसं सवडीत सापडतात. आमच्या शेजारच्या काकांनी एका मोठ्या चित्रासमोर चष्मा वर केला आणि विचारलं, “ह्येची उलांडी खंय आसा? ही होडी उपडी जातली.” उलांडी म्हणजे होडीचा तोल राखायला तिच्या बाजूला बांधलेलं लाकूड. पुण्याच्या चित्रकाराने होडी फोटोवरून काढली होती आणि उलांडी नेमकी फोटोबाहेर राहिली होती. त्याने ती नंतर काढून दिली.

कागदपत्रांत फार गुंता नाही. वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर २०१७ च्या दुकाने आस्थापना कायद्याखाली नुसती सूचना द्यायची असते. जीएसटीचं सीएला विचारा. चित्रकाराशी मात्र लेखी करा: माध्यम, माप, साल, किंमत, तुमचं कमिशन, आणि बुरशी लागली तर भरपाई कोणाची. गिऱ्हाइकाच्या पावतीवरही एक ओळ हवी की चित्र विकलं, छापायचा हक्क नाही. कायद्याने तो चित्रकाराकडेच राहतो. ही ओळ नसताना आमच्याकडून गेलेलं एक चित्र एका खानावळीच्या मेनूकार्डावर सोलकढीशेजारी छापून आलं होतं.

गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. पर्यटक दिवाळीपासून मे अखेरपर्यंत. तो कुडाळला गाडी पकडणार, म्हणून सीटखाली मावेल अशा मापाची कामं, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि बबल रॅप हाताशी ठेवा. दुसरे चाकरमानी, गणपतीला आणि मेमध्ये. ते पहिल्या दिवशी किंमत विचारून हसतात आणि परतीच्या आदल्या संध्याकाळी गावच्या देवळाचं चित्र घेऊन जातात. त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद करू नका. नेटवर्क गेलं तर यूपीआय अडतं, तेव्हा गल्ल्यात सुटे असू द्या.

गणपतीत पाऊस असतोच, म्हणून दाराबाहेर छत्र्यांसाठी एक मोठी बादली ठेवा.