मुंबई कायदे कौन्सिलात कोण कधी होतं हे शोधताय? या चुका टाळा

मुंबई इलाख्याच्या जुन्या कायदेमंडळावर लिहिणारे, किंवा आपल्या भागातलं कोणी तिथं होतं का ते बघणारे बरेच जण नावापासून सुरुवात करतात आणि तिथंच गोंधळ होतो. आधी वर्ष बघा, मग त्या वर्षी कुठला कायदा लागू होता ते, आणि नाव सगळ्यात शेवटी.

१८६२ मधे टाऊन हॉलमधे पहिली बैठक झाली तेव्हा सगळा कारभार गव्हर्नरने नेमलेल्या मोजक्या लोकांचा होता, जगन्नाथ शंकरशेट त्यातलेच, त्यामुळे त्यांना 'निवडून आलेले आमदार' म्हणणं साफ चूक. १८९२ च्या कायद्यानंतर टिळक आले, पण तेव्हाही नगरपालिका, लोकल बोर्ड वगैरे संस्थांनी नाव पाठवायचं आणि गव्हर्नरने नेमणूक करायची अशीच पद्धत होती. बाबासाहेबांच्या बाबतीत तर हा फरक फारच महत्त्वाचा आहे, १९२७ ला ते कौन्सिलात बसले ते सरकारनियुक्त सदस्य म्हणून, आणि १९३७ ला असेंब्लीत, म्हणजे नव्या खालच्या सभागृहात, गेले ते स्वतंत्र मजूर पक्षाकडून निवडून. दोन्ही एकाच वाक्यात कोंबले की दहा वर्षांची सगळी धडपड पुसली जाते.

मला सगळ्यात जास्त खटकते ती बोले ठरावाला 'कायदा' म्हणायची सवय. ऑगस्ट १९२३ मधे सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा ठराव कौन्सिलात पास करून घेतला. पण तो ठराव होता, म्हणजे शिफारस, न पाळणाऱ्याला शिक्षा नव्हती. महाड नगरपालिकेने नंतर तळं खुलं असल्याचं जाहीर केलं तरी प्रत्यक्षात कोणाला पाणी घेता येत नव्हतं, म्हणून तर २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर जावं लागलं. कायदा म्हणाल तर महाडचा सत्याग्रह का झाला हेच कळणार नाही.

नागपूर-अमरावतीची नावं इथं सापडत नाहीत म्हणून यादी अपुरी समजू नका, विदर्भ मध्य प्रांतात होता आणि मराठवाडा निजामाकडे. उलट गुजरात, धारवाड, बेळगावची नावं इथं दिसतील, १९३६ पर्यंत सिंधचीसुद्धा. गोपाळ कृष्ण गोखले दोन ठिकाणी दिसले तरी दचकू नका, ते आधी मुंबईच्या कौन्सिलात होते आणि १९०२ पासून व्हाइसरॉयच्या, म्हणजे सगळ्या देशाच्या कौन्सिलात.

१९३७ पासून सभागृहं दोन झाली, खालची असेंब्ली १७५ जणांची आणि कौन्सिल म्हणजे वरचं सभागृह, म्हणून त्यानंतर नुसतं 'कौन्सिल सदस्य' लिहिलं असेल तर ती वेगळीच जागा आहे. काँग्रेसच्या त्या निवडणुकीत ८६ जागा आल्या, म्हणजे निम्म्याला थोड्या कमी, तेव्हा 'स्पष्ट बहुमत मिळालं' लिहू नका. आणि जुन्या कागदात बाळासाहेब खेरांना प्राइम मिनिस्टर म्हटलेलं दिसलं तर ते खोडू नका, प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला तेव्हा तसंच म्हणत.