कॉलेजात ट्यूटर व्हायचं की शाळेत शिक्षक?

'मला शिकवायला आवडतं' असं म्हणत या पेशाकडे येणाऱ्यांना मी आधी एकच विचारते: कोणाला? अडलं म्हणून स्वतःहून आलेल्याला, की वेळापत्रकात तास आहे म्हणून समोर बसलेल्याला? मी दोन्ही केलंय. आधी कॉलेजच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये गणिताची ट्यूटर होते, आता माध्यमिक शाळेत गणितच शिकवते. विषय तोच असला तरी अंगात लागणारे गुण बरेच वेगळे आहेत.

ट्यूटरकडे विद्यार्थी प्रश्न घेऊनच येतो, आणि तो दाखवतो तो प्रश्न बहुधा खरा नसतो. कलनाचं (कॅल्क्युलसचं) उदाहरण सुटत नाही म्हणून कोणी वही पुढे करतं. बघावं तर विकलन अगदी बरोबर. घोटाळा त्याच्या पुढच्या ओळीत. (अ + ब)² चा विस्तार अ² + ब² असा केलेला, मधलं २अब गायब. नाहीतर दोन अपूर्णांक मिळवताना अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलेला. म्हणजे दुखणं कॉलेजातलं नाही, चार-पाच इयत्ता मागचं आहे. ते हुडकून काढणं हे ट्यूटरचं निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे गप्प बसणं. पेन विद्यार्थ्याच्याच हातात राहिलं पाहिजे. 'हे असं कर' म्हणण्याऐवजी 'ही ओळ कशी आली, सांग बघू' म्हणायचं, आणि तो अडखळत असताना आपण उत्तर सांगून टाकायचं नाही. ज्या गृहपाठाला गुण आहेत तो सोडवून द्यायचा नाही, हा तर या कामातला मूळ नियमच. नवा ट्यूटर इथेच ढेपाळतो, कारण उत्तर सांगितलं की समोरचा चेहरा लगेच खुलतो आणि आपल्यालाही आपण छान शिकवलं असं वाटतं.

शाळेत तीच चूक वर्गभर पसरलेली सापडते. काहींनी ती केलेली असते, काही अजून तिथपर्यंत पोचलेलेच नसतात, आणि काहींना २अब गेलं काय अन् राहिलं काय, सारखंच. इथे प्रश्न कोणी घेऊन येत नाही, तो शिक्षकालाच उभा करावा लागतो. तेही हजेरी घेत, मागच्या बाकावरची कुरबूर मिटवत. प्रश्न विचारून थांबण्याबद्दल शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतून निरीक्षणं केली होती. शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत. ती वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली की मुलांची उत्तरं लांबत आणि जास्त मुलं बोलत. ट्यूटरच्या टेबलावर तीन सेकंद थांबायला काही लागत नाही. भरल्या वर्गात त्याच तीन सेकंदांत एक जण उत्तर ओरडतो आणि दुसरा पाणी प्यायला जाऊ का विचारतो.

पण शाळा एक गोष्ट देते जी ट्यूटरला मिळत नाही: अख्खं वर्ष. आज न कळलेला भाग महिन्याभराने दुसऱ्या धड्याच्या आडून परत आणता येतो. ट्यूटरला मात्र परीक्षा संपली की विद्यार्थी दिसतही नाही. तो पास झाला का, हेही बहुतेक वेळा कळत नाही. ज्यांना आपल्या कामाचं पुढे काय झालं हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांना हे जड जातं. मला गेलं.

एकास एक शिकवण्याच्या बाजूने शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या १९८४च्या लेखाचा दाखला नेहमी दिला जातो: असा शिकलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला. आकडा भुरळ घालणारा आहे, पण त्यावर करिअर ठरवू नका. ब्लूमचा हा फरक दोन प्रमाण विचलनांचा होता (गुण सरासरीपासून किती विखुरलेले आहेत याचं माप म्हणजे प्रमाण विचलन). २०११ साली संशोधक कर्ट व्हॅनलेन यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा तो ०.७९ वर आला. फायदा आहेच, चमत्कार नाही.

आता पैसा. ट्यूटरिंग बहुतेक ठिकाणी तासावर चालतं. सत्राच्या सुरुवातीला सेंटर ओस, परीक्षेआधी बसायला जागा नाही, आणि सुट्टीत कामही नाही, पगारही नाही. कायम जागा थोड्या. वरची पायरी म्हणजे समन्वयक. तिथे वेळापत्रकं, नव्या ट्यूटरांचं प्रशिक्षण आणि अहवाल, शिकवणं नावापुरतं. शाळेत शिरायलाच वेळ लागतो: पदवी, मग अध्यापनाचं प्रशिक्षण, सराव पाठ, बहुतेक ठिकाणी परवाना किंवा पात्रता. त्या बदल्यात महिन्याचा पगार आणि रजा. शाळा सुटल्यावर टाचणं (पुढच्या तासांची लेखी तयारी) काढणं, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि पालकांचे फोन हे त्या पगारातच धरलेले असतात.

दोन्हींच्या मधलीही एक वाट आहे. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत १९७३ साली 'सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन' सुरू झालं आणि पुढे अनेक देशांत गेलं. ज्या विषयात खूप जण नापास होतात, तो विषय आधी चांगला केलेला विद्यार्थी पुन्हा त्याच व्याख्यानांना बसतो आणि आठवड्यातून काही वेळा गटाचा अभ्यास घेतो. एकट्याला समजावणं जमतंय पण गट सांभाळता येईल का, अशी शंका असेल तर हे करून बघाच.

शाळेकडे कल असेल तर एखादा छान रंगलेला तास बघून भुलू नका. एका शिक्षकामागे सबंध दिवस फिरा, शेवटच्या तासासकट, आणि त्यात गैरहजर शिक्षकाऐवजी त्यांच्या वाट्याला आलेला बदली तासही बघा. ट्यूटरच्या नोकरीला जात असाल तर रुजू होण्याआधी विचारून घ्या: आठवड्याला किमान तासांची हमी आहे का, प्रशिक्षणाचे तास धरतात का, आणि वेळ घेतलेला विद्यार्थी आलाच नाही तर त्या तासाचे पैसे मिळतात का.