गोल्फ क्लब (चेंडू मारायची काठी) नियमात बसतो का? तपासायचे कसे

लांबीपासून सुरुवात करा. शाफ्टला (दांड्याला) टेप लावून आलेला आकडा ग्राह्य नसतो. क्लब सपाट टेबलावर आडवा ठेवून सोल (डोक्याचा तळ) 60 अंशांत कललेल्या फळीला टेकवा. फळी टेबलाला मिळते त्या रेषेपासून ग्रिपच्या (मुठीच्या) टोकापर्यंतचे अंतर म्हणजे लांबी. ती किमान 18 इंच हवी आणि 48 इंचांपेक्षा जास्त नको. कमाल मर्यादा पटरला (चेंडू जमिनीवरून छिद्राकडे ढकलण्याच्या क्लबला) नाही. मात्र काही स्पर्धांत स्थानिक नियमाने 46 इंचांचीच मुभा असते, तेव्हा आधी विचारून घ्या.

सर्वात जास्त फसवतो तो चिपर (छोट्या, बुटक्या फटक्यांचा क्लब). दिसतो पटरसारखा, पण लॉफ्ट (फेसचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा कल) 10 अंशांच्या वर गेला की नियमाच्या लेखी तो आयर्नच (पातळ डोक्याचा क्लब). म्हणजे पटरची चपटी ग्रिप चालत नाही, ग्रिप गोलच हवी (तिच्या पूर्ण लांबीभर किंचित उंच, सरळ कड असली तर हरकत नाही). दोन्ही बाजूंनी मारता येणारा चिपर तर सरळ बाद. दोन सारखे फेस फक्त पटरला चालतात.

लॉफ्ट 25 अंश किंवा जास्त असेल तर फेसवरच्या खाचांकडे नीट पाहा. रुंदी 0.9 मिमी आणि खोली 0.508 मिमीच्या आत हवी. दोन खाचांमधले अंतर रुंदीच्या तिप्पट तरी हवे, आणि 1.905 मिमीपेक्षा कमी नको. काठही ठरावीक गोलाईचे लागतात. झिजलेल्या वेजच्या (जास्त लॉफ्टच्या आयर्नच्या) खाचा हाताने कोरून ‘ताज्या’ करण्याचे अवजार इथेच घात करते: खाच रुंदावते, काठ धारदार होतात आणि कारखान्यातून नियमात निघालेला वेज बाद ठरतो.

ड्रायव्हरच्या (सर्वांत लांब फटक्यांच्या क्लबच्या) डोक्याचे आकारमान जास्तीत जास्त 460 घन सेंमी, वर 10ची सूट. फेसची उसळी मात्र घरी मोजता येत नाही. लंबक फेसला किती वेळ टेकून राहतो यावरून ती ठरते; मर्यादा सूट धरून 257 मायक्रोसेकंद आहे आणि ती लंबकाच्या यंत्रावरच कळते. म्हणून आर अँड ए किंवा यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांची मान्य ड्रायव्हरची यादी उघडा आणि सोलवरचे नाव, खुणा व लॉफ्ट तिच्याशी ताडून पाहा. नुसते नाव जुळून भागत नाही. स्वतःची नवी रचना असेल, तर उत्पादनाआधीच नमुना त्यांच्याकडे पाठवा. साचे तयार झाल्यावर नकार आला तर खर्च वाया.

नियमबाह्य क्लब बॅगेत असला म्हणून दंड नाही, पण सोबत नेता येणाऱ्या कमाल 14 क्लबांत तो मोजला जातो. त्याने एक फटका मारला की खेळाडू स्पर्धेतून बाद.