‘म्हणून’च्या खाली काय दडलंय?

लातूरला ‘नीट’च्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, पोरांचं समुपदेशन करते मी. एका दुपारी अहमदपूरकडचे एक वडील येऊन बसले (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत). मुलगा १९ वर्षांचा, परीक्षेची दुसरी खेप. “मॅडम, फी मी भरायलो. लेकरू माझं. मग ते तुमच्यापाशी काय बोललं ते मला सांगाय नको?”

ऐकताना बरोबरच वाटतं. म्हणूनच त्यातलं न बोललेलं गृहीतक शोधायला असं बोलणं आधी कागदावर उतरवायचं, तेही बोलणाऱ्याच्याच शब्दांत. आपल्या शब्दांत लिहिलं की नकळत आपण त्याची डागडुजी करतो. मग त्यात ‘म्हणून’ घालून बघायचा: मी फी भरतो, म्हणून मला सांगा. आता निष्कर्षातली कोणती गोष्ट आधी कुठंच आली नव्हती ते शोधा. इथं ‘सांगणं’. फीला सांगण्याशी जोडणारं वाक्य वडील बोललेच नाहीत: जो पैसे देतो, बोलणंही त्याचंच. हे गृहीतक.

सगळा भार त्यावरच आहे का, हे कळायला माणूस बदलून बघायचा. मला उदाहरण शोधावं लागलं नाही. फीसाठी आडत्याकडून उचल घेतलीय, सोयाबीन आलं की फेडायची, हे वडील मघाशीच बोलून गेले होते. विचारलं, “मग आडत्यालाही सांगू?”

“त्याचा काय संबंध?”

म्हणजे आधार फीचा नव्हताच, नात्याचा होता. फीवर वाद घालत बसले असते तर तास फुकट गेला असता. नात्याखाली अजून एक गृहीतक होतं, नवशिक्यांच्या हातून हमखास सुटणारं: आतलं बाहेर गेलं तरी लेकरू पुढच्या आठवड्यात तसंच मोकळं बोलेल.

आता माझंच बोलणं. मी ठसक्यात म्हटलं होतं, “२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयता आहे, सांगता येत नाही.” रात्री तेही कागदावर उतरवलं, आणि ओशाळले. त्यातलं कलम २३ मानसिक आजार असलेल्या व्यक्तीबद्दल आहे. परीक्षेची धास्ती म्हणजे आजार, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. शिवाय कलमाला अपवाद आहेत. जिवाला धोका असेल तर तो टाळण्यापुरती माहिती देता येते, ‘पुरती’ हा शब्द महत्त्वाचा. आणि सगळ्यात मोठं गृहीतक: सगळं सांगायचं किंवा काहीच नाही, अशा दोनच वाटा. मुलाला मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं. पेनाचं टोपण काढत-घालत तो म्हणाला, “मी टेस्टला बसत नाही, एवढंच सांगा. बाकीचं मी बोलतो. पण फोनवर नाही, त्यांना इथंच बोलवा.”