टँकरवर पहिल्यांदा जाताय? शेलची जुनी जहाजं आणि शून्य दाखवणारं मीटर

डीएनएस (नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नॉटिकल संपवून टँकर कंपनीच्या जॉइनिंगची वाट बघत जे घरी बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सीडीसी, इंडोस ही खलाशाची कागदपत्रं आणि एसटीसीडब्ल्यूचे सक्तीचे कोर्स यांवर शब्द खर्च करत नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा ताजं पाठ असेल. तेल कंपनीच्या जहाजावर चेकलिस्टा भरून भरून बोटं दुखतात, आणि त्या कशासाठी आहेत हे पहिले काही महिने कोणी सांगत नाही. विचारलं तर "कंपनीची आहे, भर" एवढंच उत्तर. मला त्या चेकलिस्टा कळायला लागल्या त्या जुन्या जहाजांच्या हकिगती वाचल्यावर. म्हणून आधी थोडा इतिहास. कंटाळा आला तरी गाळू नका, कारण पुढे जे मीटरचं सांगणार आहे ते त्यावरच उभं आहे.

शेल या तेल कंपनीचा ताफा घेऊ. तिचा पाया घालणारा मार्कस सॅम्युअल हा लंडनचा व्यापारी. वडिलांचा धंदा शिंपल्यांच्या शोभेच्या वस्तूंचा, म्हणून जहाजांना शंख-शिंपल्यांची नावं: म्यूरेक्स, कॉन्च, क्लॅम. त्या काळी पूर्वेकडे रॉकेल यायचं ते डब्यांत, लाकडी खोक्यांत भरून, आणि बाजार अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइलच्या हातात. सॅम्युअलने ठरवलं की बाकूचं रॉकेल काळ्या समुद्रावरच्या बाटूम बंदरातून थेट जहाजाच्या टाक्यांत भरायचं आणि सुएझमधून काढायचं. सुएझ कालव्याची कंपनी असल्या जहाजांना आत घेत नव्हती; मध्येच पेटलं तर? मग फोर्टेस्क्यू फ्लॅनरी या नौकाशिल्पकाराने कालव्याच्या अटींत बसेल असं जहाज आखलं. २४ ऑगस्ट १८९२ ला म्यूरेक्स सुमारे ४,००० टन रॉकेल घेऊन सुएझ पार करून गेली.

यातली मजा पुढे आहे. रॉकेल स्वस्त झालं, पण लोक खूष होईनात, कारण त्यांना डबा हवा होता! रिकाम्या डब्याचं काय काय व्हायचं हे आपल्याकडे सांगायला नको. पाणी भरा, धान्य ठेवा, कापून छपराला ठोका, तुळस लावा. शेवटी सॅम्युअलने पत्रा धाडून पूर्वेतच डबे बनवायला घेतले, आणि स्टँडर्डच्या निळ्या डब्यांसमोर आपले लालभडक रंगवले. याच शेलचं नाव आपल्याकडे बर्मा-शेल म्हणून आलं. चेंबूर-माहुलकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी ते अजून असतं. माहुलची रिफायनरी १९५५ची, १९७६ साली सरकारने घेतली, आज ती भारत पेट्रोलियमची.

आता कामाचं. म्यूरेक्स पूर्वेकडून रिकामी परतली तर धंदा तोट्यात. म्हणून टाक्या वाफेने धुवायच्या आणि येताना त्यांत तांदूळबिंदूळ भरून आणायचा, अशी सोय मुळातच केलेली होती. म्हणजे टँक क्लीनिंग हे काम टँकरच्या जन्माबरोबरच आलं. आज वाफ निरुपद्रवी वाटते, पण ज्वलनशील वायू असलेल्या, इनर्ट न केलेल्या (म्हणजे ऑक्सिजन काढून न टाकलेल्या) टाकीत वाफ सोडायला आता सक्त मनाई आहे. का, ते पुढे येतंच.

युद्धांचा भाग झपाट्याने सोडतो, नाहीतर मी तिथेच रमेन. एकच सांगतो: दुसऱ्या महायुद्धात शेलच्या ९ टँकरांच्या डोक्यावर धावपट्टी बसवून त्यांच्यावरून विमानं उडवली, आणि खाली टाक्यांत तेल नेणं चालूच. रापाना, मिराल्डा, गाडिला वगैरे. धावपट्टीखाली पेट्रोलियमचा माल आणि वर विमान उतरतंय, याची कल्पना करून बघा.

१९६७ मध्ये सुएझ बंद झाला तो थेट १९७५ पर्यंत. आखातातलं तेल आफ्रिकेला वळसा घालून न्यायचं तर छोटी जहाजं परवडेनात. दोन लाख टनांची व्हीएलसीसी, म्हणजे महाकाय कच्च्या तेलाची जहाजं, आली. जहाजं मोठी झाली म्हणजे टाक्याही मोठ्या झाल्या, आणि त्या धुवायची मशिनंही जोरकस. डिसेंबर १९६९ मध्ये, एकाच महिन्यात, तीन व्हीएलसीसींत टाक्या धुताना स्फोट झाले. शेलची मार्पेसा पहिल्याच सफरीवरून रिकामी परतत होती. ती डकारजवळ बुडाली. शेलचीच माक्ट्रा मोझांबिकच्या खाडीत फुटली, पण तरली. तिसरी नॉर्वेची काँग हाकोन सेव्हन, तिचा डेक उघडला गेला. जहाजं नवी कोरी होती, कोणी टाकीत विडी पेटवली नव्हती. तपासात बोट गेलं ते पाण्याकडे. जोरात मारलेल्या पाण्याच्या फवाऱ्यातून जे धुकं उठतं त्यात स्थिर वीज साठते, आणि एवढ्या मोठ्या टाकीत तिची ठिणगी पडायला वाव मिळतो. वाफेचंही तेच.

ठिणगी शंभर टक्के टाळता येत नाही हे मान्य केलं की एकच मार्ग उरतो: टाकीत ऑक्सिजनच ठेवायचा नाही. तो इनर्ट गॅस. बॉयलरचा धूर धुऊन, थंड करून टाकीत सोडायचा. सोडताना ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या आत, टाकीत ८ टक्क्यांच्या आत. ११ च्या खाली पेट घेत नाही, म्हणून ८ वर मर्यादा. मधला फरक हा तुमचा श्वास घ्यायचा अवकाश समजा. १९७८ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर मोठ्या टँकरांना हे सक्तीचं झालं.

आणि आता ते मीटर. हे मी लांबवणार आहे, कारण यात मी स्वतः पुरता गोंधळलो होतो आणि पुस्तकात ते दोन ओळींत उरकलेलं असतं.

डिस्चार्ज (माल उतरवणं) संपलेला, टाकी इनर्ट. चीफ ऑफिसरने मला दोन मीटरं दिली आणि रीडिंग आण म्हणाला. डेकवर ऊन मी म्हणत होतं, नळी टाकीत सोडली. एकाने एलईएल (वायू हवेत पेटायला लागणारं किमान प्रमाण; मीटर त्याचे टक्के दाखवतं) शून्य दाखवलं. दुसऱ्याने त्याच टाकीत, त्याच खोलीवर, हायड्रोकार्बन, म्हणजे तेलाचा वायू, १२ टक्के दाखवलं. मी दोन्ही पुन्हा उघड्या हवेत झीरो केली, पुन्हा तेच. कुठलं बिघडलंय?

दोन्ही ठणठणीत होती. एलईएलचं जे साधं मीटर असतं त्याच्या आत एक तापलेली तार किंवा मणी असतो. वायू तिथे जळतो, त्याची उष्णता वाढते, ते मीटर मोजतं. पण जळायला ऑक्सिजन लागतो! इनर्ट टाकीत तो नाही, म्हणून वायू जळत नाही, म्हणून काटा शून्यावर. टाकी गॅसने तुडुंब भरलेली असताना मीटर शून्य दाखवतं. हवा असलेल्या टाकीतही गॅस फारच जास्त असेल तर काटा एकदम वर जाऊन धाडकन शून्यावर परततो. ती झेप नजरेतून सुटली की संपलं. इनर्ट टाकीत वापरायचं ते व्हॉल्यूमचे टक्के दाखवणारं मीटर, ज्याला ऑक्सिजनची गरज नसते.

म्हणून क्रम असा. आधी ऑक्सिजन बघा, मग ठरवा कुठल्या मीटरवर विश्वास ठेवायचा. टाकीत उतरायचं असेल तर आधी इनर्ट गॅसनेच पर्ज करून (आतला वायू बाहेर ढकलून) हायड्रोकार्बन २ टक्क्यांच्या खाली आणायचा आणि मगच ताजी हवा सोडायची. थेट हवा सोडली तर १२ टक्क्यांवरून खाली येताना मिश्रण बरोबर पेट घेणाऱ्या पट्ट्यातून जातं. २ च्या खालून सुरुवात केली की तो पट्टा लागतच नाही. हवा सोडल्यावर ऑक्सिजन २१ टक्के, एलईएल १ टक्क्याच्या आत, एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) आणि बेंझीन हे विषारी वायू मर्यादेत. वर, मध्ये, खाली, तिन्ही पातळ्यांवर मोजायचं. नळी लांब असेल तर गॅस मीटरपर्यंत पोचायला वेळ लागतो, तेवढा पंप चालू द्या. नळीला चीर असेल तर डेकवरची हवा आत ओढली जाते आणि रीडिंग छान येतं. फार छान रीडिंग आलं की आधी नळी तपासा. एचटूएसच्या वासावर तर मुळीच जाऊ नका. प्रमाण वाढलं की नाक काम करणं थांबवतं.

हे वाचून घाबरला असाल तर थोडं थांबा. एकट्या कॅडेटला टाकीत कोणी पाठवत नाही, आणि पाठवत असेल तर नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. टाकीत उतरायच्या परमिटवर सही नसेल तर पाय आत घालायचा नाही, चीफ ऑफिसर कितीही डाफरला तरी. पहिल्या करारात तुमच्याकडून अपेक्षा अलेज (तेलाच्या वरची रिकामी उंची) नीट वाचण्याची, मॅनिफोल्डवर (किनाऱ्याचे पाइप जोडतात तिथे) गळती दिसली तर ओरडण्याची, आणि टॉपिंग ऑफच्या, म्हणजे टाकी काठोकाठ येण्याच्या, वेळी झोप न काढण्याची. शेवटच्या मीटरभरात टाकी किती झपाट्याने भरते हे एकदा बघितलं की झोप आपोआप उडते.

शिकायचं कोणाकडून? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. पंपमनकडून. आमच्या जहाजावरचे पंपमन चाचा दापोलीकडचे, आयुष्य टँकरवर गेलेलं. स्ट्रिपिंगच्या (तळाचं उरलंसुरलं तेल काढायच्या) वेळी पंपाने हवा खाल्ली की ते सीसीआर, म्हणजे कार्गो कंट्रोल रूममधल्या स्क्रीनच्या आधी पाइपावर हात ठेवून सांगायचे, "आता सक्शन सोडलंन बघ." अधिकाऱ्यांकडे तुमच्यासाठी वेळ नसतो. पंपमनकडे असतो, फक्त त्याच्याबरोबर पंपरूमच्या तळाशी उतरायची तयारी ठेवा, आणि वर चढताना दम लागला तर लाजू नका.

शॉर्टकटचं म्हणाल तर ओरल्ससाठी (तोंडी परीक्षेसाठी) फिरणारे प्रश्नोत्तरांचे पीडीएफ तात्पुरते बरे. पण टॉरी कॅन्यन हा टँकर १९६७ ला फुटला, त्यातून तेल कंपन्यांनी १९७० मध्ये ओसिम्फ ही आपली संघटना स्थापन केली, तिने १९९३ मध्ये सायर ही टँकरांची तपासणी आणली, हे पाठ करून भागत नाही आता. सायर २.० सप्टेंबर २०२४ पासून चालू आहे. तपासनीस अगदी ज्युनियरलाही विचारतो, "हे मीटर दाखव, इनर्ट टाकीत कुठलं वापरशील?" तिथे पीडीएफ उघडता येत नाही.

बाजाराचंही डोक्यात ठेवा. शेलच्या फ्रेंच कंपनीने साडेपाच लाख टनांचं बाटिलस १९७६ मध्ये पाण्यात उतरवलं. तोवर तेलाचे भाव भडकून मागणीच घटली होती, १९८५ मध्ये जहाज भंगारात गेलं. पुढे युरोपच्या तेल कंपन्यांनी ताफे आटवले, झेंडे बदलले, आणि आपल्या लोकांना या जहाजांवर जागा मिळाल्या. भाव चांगले असताना कर्ज काढून फ्लॅट घेणाऱ्यांना हे दोनदा सांगावंसं वाटतं.

जॉइनिंगसाठी कोणी पैसे मागत असेल तर उठून या. परवानाधारक एजंटला खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेता येत नाहीत. डीजी शिपिंगच्या (सरकारच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या) यादीत परवाना क्रमांक तपासा, दहा मिनिटांचं काम. गावातल्या "ओळखीच्या" माणसाला घरच्यांनी आधीच शब्द दिला असेल तर वडिलांशी भांडावं लागेल, भांडा.

शेवटचं, कागदाचं. पुढे टँकरचं ॲडव्हान्स्ड एंडोर्समेंट (टँकरवर वरच्या जबाबदारीसाठी लागणारा दाखला) घ्यायचं तर टँकरवरची ३ महिन्यांची सेवा लागते. किंवा जादा माणूस म्हणून किमान १ महिना, त्यात ३ लोडिंग आणि ३ अनलोडिंग. सेवेच्या पत्रात जहाजाचा प्रकार, माल आणि तारखा स्वच्छ लिहून घ्या. चीफ ऑफिसर बहुधा तुमच्या आधी उतरतो. त्याची सही त्याचं सामान गँगवेवर यायच्या आधी घ्या, आणि प्रत घरी पाठवून ठेवा.