‘विरघळलं’ म्हणायची घाई नको: पाण्याच्या प्रयोगात या चुका टाळा

कोथरूडला घरीच मी शनिवार-रविवार पाचवी-सहावीच्या मुलांकडून प्रयोग करून घेते. विद्राव्यतेचा धडा आला की वह्यांमध्ये त्याच चुका दिसतात, आणि त्यातल्या निम्म्या मोठ्यांनीच शिकवलेल्या असतात.

सगळ्यात जास्त खटकते ती शाडूची चूक. ‘शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते’ हे वाक्य आपल्याकडे भाद्रपदात घराघरात ऐकू येतं. बोलण्यात चालेल, विज्ञानाच्या वहीत नाही.

एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सहावीच्या मुलांनी दोन बरण्या मांडल्या होत्या. एकीत शाडूचा गोळा, दुसरीत प्लास्टर ऑफ पॅरिसचा तुकडा. मागच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत ‘शाडू: विद्राव्य, पीओपी: अविद्राव्य’. शाडूच्या बरणीशी उभा असलेला मुलगा कोणी आलं की काठीने पाणी ढवळून दाखवायचा. पाणी एकसारखं राखाडी दिसायचं आणि पाहणारे माना डोलवायचे. मी त्याला म्हटलं, ‘‘बाळा, डबा खाऊन येईपर्यंत काठी माझ्याकडे दे.’’ परत आला तेव्हा वरचं दोन बोटं पाणी फिकट झालं होतं आणि तळाशी मातीचा थर धरला होता. तो बराच वेळ बरणीकडे बघत राहिला, मग स्वतःच मार्कर घेऊन तक्त्यावरचा ‘विद्राव्य’ खोडला. शिकवून कोणी इतकं शिकत नाही.

साखरेचा दाणा पाण्यात पडला की तिचे रेणू एकेक करून सुटतात आणि पाण्याच्या रेणूंमध्ये मिसळतात. ते मग कितीही वेळ ठेवलं तरी खाली बसत नाहीत, गाळणीत अडकत नाहीत. शाडूचं तसं होत नाही. गोळा भिजून फुटतो, पण मातीचा बारीकात बारीक कणही रेणूच्या मानाने डोंगराएवढा असतो. तो पाण्यात तरंगत राहतो आणि सवडीने खाली बसतो. याला निलंबन म्हणतात, द्रावण नव्हे. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आपण तुरटी फिरवतो ती याच कणांना एकत्र आणून खाली बसवायला. आणि गंमत बघा, ती तुरटी स्वतः मात्र खरोखर विरघळते.

पीओपी पाण्यात कालवून मूर्ती घडवली की त्याचं जिप्सम होतं, आणि ते लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणून तर आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पीओपीची मूर्ती बादलीत अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात बुडवून ठेवायची पद्धत काढली आणि महापालिका ती पावडर विसर्जनासाठी वाटू लागली. मात्र त्या बादलीत मूर्ती विरघळत नाही, तिथे रासायनिक अभिक्रिया होते. तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसतं, पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं. मुलांना हा फरक कळतो, सांगायला मात्र हवा.

माझा नियम साधा आहे. ढवळून झालं की ग्लास रात्रभर कोणीही हलवायचा नाही. सकाळी तळ बघायचा, मगच वहीत लिहायचं. ज्यांना पाच मिनिटांत उत्तर हवं असतं त्यांना मी हा प्रयोग देतच नाही.

दुसरी चूक शब्दांची. ‘साखर पाण्यात वितळली’, ‘बर्फ विरघळला’. दोन्ही उलटं. वितळायला एकच पदार्थ आणि उष्णता पुरते, विरघळायला दोन पदार्थ लागतात. थंडीत थिजलेलं तूप चुलीजवळ ठेवलं की वितळतं. मीठ वितळवायचं तर 801 अंश सेल्सिअस तापमान लागेल, विरघळवायला माठातलं पाणी पुरतं. मी मुलांना एकच प्रश्न विचारते: ‘कशात?’ उत्तर देता आलं तर विरघळणं.

गरम पाण्यात सगळंच पुष्कळ जास्त विरघळतं, असंही नाही. 25 अंशाला 100 ग्रॅम पाण्यात मीठ सुमारे 36 ग्रॅम मावतं, उकळत्या पाण्यात सुमारे 39. साखर मात्र 200 ग्रॅमच्या आसपास असते ती साडेचारशेच्या वर जाते. सोड्यातल्या वायूचं तर उलटंच, पाणी तापलं की तो निघून जातो.

ढवळल्याने आणि पिठीसाखर घेतल्याने वेळ वाचतो, पाण्यात जास्त मावत नाही. आणि गरम पाणी, ढवळणं, बारीक साखर तिन्ही एकदम करू नका. कशामुळे फरक पडला हे कधीच कळणार नाही.

रंगीत म्हणजे गढूळ नव्हे. कोरा चहा पारदर्शक असतो.

पाकिटातल्या मिठाचं पाणी किंचित धूसर दिसलं तर घाबरू नका. मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात घातलेला पदार्थ न विरघळता राहतो, तो तासाभराने खाली बसतो.

‘मीठ गायब झालं’ असं लिहिणाऱ्याला मी वजनकाटा देते. 200 ग्रॅम पाणी, 50 ग्रॅम मीठ, मिळून 250. चमच्याला चिकटलेलं मीठही मोजायचं, ते हमखास विसरतं. चव घेऊन मात्र खात्री करायची नाही, पदार्थ ओळखीचा असला तरी.

शेवटी मीठ परत मिळवताना वाटी गॅसवर ठेवणारे पालक मला फार भेटतात. मीठ तडतडून अंगावर उडतं आणि हाती नुसती पांढरी भुकटी येते. पसरट ताटलीत बोटभरापेक्षा कमी पाणी घ्या, वर पातळ फडकं बांधा आणि एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवा. हळूहळू आटलेल्या पाण्यात चौकोनी स्फटिक बसतात, भिंगाखाली त्यांच्या कडा स्पष्ट दिसतात. जुलैत हा प्रयोग पुण्यात जमत नाही, हवाच ओली असते.