वजन, वस्तुमान आणि दाब यांतला फरक घरच्या घरी कसा पडताळावा

वजनकाट्यावर उभं राहिलं की ६० किलो दिसतं आणि आपण म्हणतो, "माझं वजन साठ किलो." विज्ञानाच्या हिशेबात हे वाक्य चुकतं. किलो हे वस्तुमानाचं एकक. वजन हे बल, म्हणून ते न्यूटनमध्ये सांगायचं. घोळाचं मूळ काट्यातच आहे. तुम्ही त्याला किती जोराने खाली दाबता एवढंच तो मोजतो, पण दाखवताना त्या बलाला ९.८ ने (पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढीचा आकडा: दर किलोला इतके न्यूटन) भागून किलोचा आकडा पुढे करतो.

साहित्य: एक लिटरच्या दोन सारख्या बाटल्या, दोरी, काट्याची तबकडी असलेला वजनकाटा, आलेख कागद, वीट आणि जाड स्पंज.

१. वस्तुमान बोटाला जाणवू द्या

एक बाटली पाण्याने काठोकाठ भरा, दुसरी रिकामी ठेवा. दोन्ही साधारण एक मीटर लांब दोरीने टांगा आणि पूर्ण स्थिर होऊ द्या. आता एकाच बोटाने प्रत्येकीला आडवं ढकला, फक्त दोन-तीन सेंटिमीटर. रिकामी चटकन सरकते, भरलेली हलायला कुरकुरते आणि एकदा हलली की थांबवायलाही तितकाच जोर लागतो. वजन तर दोरीने पेललंय, बोटावर त्याचा भार नाही. मग बोटाला जे जाणवलं ते जडत्व, आणि जडत्वाचं माप म्हणजे वस्तुमान.

बाटली अर्धवट भरली तर पाणी हिंदकळून अंदाज चुकवतं. जास्त लांब ढकललीत तर बाटली वर उचलली जाते आणि वजन पुन्हा मध्ये येतं.

२. वजन काढा

वस्तुमानाला ९.८ ने गुणा: ६० × ९.८ = ५८८ न्यूटन. हा ९.८ सगळीकडे अगदी सारखा नसतो. विषुववृत्तावर सुमारे ९.७८, ध्रुवांवर ९.८३. चंद्रावर तो १.६२ असतो, म्हणून तिथे त्याच माणसाचं वजन ९७ न्यूटन भरेल आणि घरचा काटा जेमतेम १० किलो दाखवेल. वस्तुमान मात्र ६० किलोच. दोन पारड्यांचा तराजू चंद्रावर नेला तरी ६० किलोच्या मापाशी तो बरोबर तुलेल, कारण दोन्ही पारड्यांवरची ओढ सारखीच कमी होते. ताणकाटा (घरच्या काट्यासारखा, ओढ मोजणारा) आणि तराजू यांतला फरक कळायला याहून चांगलं उदाहरण नाही.

वजनकाटा लिफ्टमध्ये नेऊन त्यावर उभं राहून पाहा. वर निघताना तबकडीवरचा काटा क्षणभर पुढे जातो, वेग स्थिर झाला की मूळ जागी येतो, आणि वर जाऊन थांबताना मागे पडतो. डिजिटल काटा इथे बहुधा उपयोगाचा नाही. बरेचसे असे काटे एकदा आलेला आकडा धरून ठेवतात.

३. तेच वजन, वेगळा दाब

दाब म्हणजे बल भागिले ते ज्यावर पडतं ते क्षेत्रफळ; एका चौरस मीटरवर एक न्यूटन म्हणजे एक पास्कल. ३ किलोची, २२ × १० × ७ सेंटिमीटर मापाची वीट घ्या. वजन २९.४ न्यूटन. स्पंजावर आडवी ठेवली तर दाब २९.४ ÷ ०.०२२, म्हणजे सुमारे १,३४० पास्कल. उभी केली तर २९.४ ÷ ०.००७, म्हणजे ४,२०० पास्कल, आणि स्पंज स्पष्टपणे जास्त खोल दबतो. उभ्या विटेला हाताने आधार देऊ नका, नाहीतर तिचं थोडं वजन हातावर येतं.

मग स्वतःचा दाब काढा. पाय ओला करून आलेख कागदावर ठसा घ्या आणि ओले चौकोन मोजा. अर्ध्याहून जास्त भिजलेला चौकोन पूर्ण धरा. कडेने पेन्सिल फिरवून आकृती काढू नका, कारण तळव्याची कमान जमिनीला टेकतच नाही आणि क्षेत्रफळ फुगतं. दोन्ही ठसे मिळून ३०० चौरस सेंटिमीटर भरले, तर दाब ५८८ ÷ ०.०३ = १९,६०० पास्कल. एका पायावर उभं राहिलात की दुप्पट. इथे हमखास होणारी चूक म्हणजे १०० ने भागणं. चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर करताना १०,००० ने भागायचं असतं.

४. तिन्ही एकत्र: टायरवरून गाडीचं वस्तुमान

गाडी सपाट जमिनीवर, हँडब्रेक लावून उभी करा. प्रत्येक टायरखाली चारही बाजूंनी कागदाची कड अडेपर्यंत सरकवा आणि मधला आयत मोजा. टायरच्या हवेचा दाब मोजणारा गेज ३२ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाखवत असेल तर तो सुमारे २,२०,००० पास्कल, तोही वातावरणाच्या दाबाच्या वरचा. आपल्याला तोच हवा. आयत १३४ चौरस सेंटिमीटर भरला, तर एका चाकावर दाब × क्षेत्रफळ, म्हणजे सुमारे २,९५० न्यूटन येतात. चारही चाकांची बेरीज करून ९.८ ने भागा: जवळपास १,२०० किलो. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आयत सहसा सारखे नसतात, म्हणून एकच मोजून चाराने गुणू नका. उत्तर तंतोतंत येणार नाही, कारण टायरच्या ताठ भिंती थोडा भार स्वतःच पेलतात आणि कागदाने मोजलेली कडही अचूक नसते.